रिकाम्या जागेतली रेघ

१

सूनबाई सकाळी आठला कामावर जायची आणि दुपारी चारला घरी यायची. येताना तिच्या पिशवीत रिकाम्या डब्याबरोबर कागदांची एक जाडजूड गुंडाळी असायची. ती रेडिओ दुर्बिणीवर काम करते हे कळलं की लोक हटकून विचारायचे, मग रात्रपाळी असेल ना? ती सांगून सांगून थकली होती की रेडिओ दुर्बिणीला दिवस आणि रात्र सारखीच. तरी लोक पुन्हा विचारायचेच, आणि तीही आता नुसती मान डोलवायची.

काम तसं सांगायला सोपं होतं. मोठा तारा जन्माला येतो तेव्हा त्याच्याभोवती धुळीचा असा दाट ढग असतो की डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. पण त्या ढगात मिथेनॉल असतं. ताऱ्याच्या उबेने ते एकाच ठरलेल्या सुरात रेडिओलहरी फेकायला लागतं, आणि त्याला मेसर म्हणतात. कागदावर तो सरळ रेघेतून अचानक उठलेल्या टोकासारखा दिसतो. जिथे टोक, तिथे नुकता जन्मलेला तारा. सूनबाईच्या गटाने आकाशगंगेची सगळी पट्टी अशी ठिपक्या-ठिपक्याने चाळायला घेतली होती. आबा त्याला बाळंतिणींची शिरगणती म्हणायचे.

आबा म्हणजे तिचे सासरे. पस्तीस वर्षं दवाखान्यात त्यांनी लोकांचे ईसीजी काढले. कागदाच्या पट्टीवरची रेघ बघून माणूस कसा आहे ते सांगायचे, आणि डॉक्टर मागाहून तेच सांगायचे. त्यांचा एक बाणा होता. रेघ वेडीवाकडी आली की बाकीचे लोक लगेच म्हणायचे, तार सैल असेल. आबांनी उभ्या जन्मात तारेवर ढकललं नाही. आधी स्वतः तपासायचं, मग बोलायचं.

घरात आता हे दोघंच. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. आणि आई, म्हणजे सासूबाई, जाऊन आठ महिने झाले होते.

आई गेल्यावर आबांनी सगळंच सोडून दिलं. वाढलं तर जेवायचे, दिवा लावला तर उजेडात बसायचे. सूनबाईला ते बघवेना. एक दिवस तिने कागदांची गुंडाळी त्यांच्यापुढे टाकली आणि म्हणाली, "आबा, संगणक टोकं शोधतो, पण बारकी सुटतात. मला नजर हवीय तुमची." खरं सांगायचं तर काही सुटत असेल असं तिला वाटत नव्हतं. पण आबांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिलीला टोक केलं, आणि दोन आठवड्यांत संगणकाला न दिसलेली अकरा टोकं काढून दाखवली. त्या दिवशी त्यांनी आपणहून मागून भाजी घेतली. सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडली आणि मग आमटी घेऊन बाहेर आली.

२

जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला खुर्च्या होत्या, आणि दुसऱ्या बाजूला भिंतीला लागून एक लाकडी बाक. बाकावर आईंची जागा. त्याची डावीकडची फळी सैल होती. कुणी बसलं की गप्प राहायची, पण बसलेलं माणूस सरकलं की कुई करायची. आई दिवसभर सरकत असायच्या. कुणी आलं की सरकून जागा द्यायची, हा त्यांचा स्वभावच. दुसरी सवय म्हणजे त्यांनी स्वतःसाठी कधी वेगळा चहा घेतला नाही. "मला नको वेगळा, तुमच्यातलाच घोटभर घेते," म्हणायच्या, आणि आबांच्या कपातून प्यायच्या. घोटभर म्हणता म्हणता अर्धा कप जायचा. आबा कुरकुरायचे, आणि दुसऱ्या दिवशी कप जास्तच भरून घ्यायचे.

त्या बाकावर आता कुणी बसत नव्हतं. असं काही ठरलं नव्हतं, पण बसत नव्हतं.

एका सोमवारी आबांनी कागद पालटता पालटता हात थांबवला. "सूनबाई, तुमची तार उलटी लागलीय."

"आमच्याकडे तारा लावत नाहीत आबा. आम्ही तारे बघतो."

"विनोद नको. हे बघ."

रेघ सरळ चालली होती, आणि मध्येच टोक होतं, पण वरच्या दिशेला नाही. खाली. खड्ड्यासारखं. पुढच्या कागदावर तिथेच तेच. त्याच्या पुढच्या कागदावरही.

"उजव्या हाताचा चिमटा डाव्याला लावला की असं होतं," आबा म्हणाले. "सगळं उलटं. नवीन पोरं घाबरतात, माणूस गेला म्हणून. माणूस ठणठणीत असतो. नुसती तार उलटी."

सूनबाई हसली, कारण तिच्या धंद्यातही ही चूक होती आणि अगदी अशीच होती. दुर्बिणीला स्वतःची खूप खरखर असते. ती काढायला आधी ठिपक्याकडे बघायचं, मग आकाशातल्या एखाद्या रिकाम्या जागेकडे, आणि दुसरं पहिल्यातून वजा करायचं. दुकानदार रिकामं भांडं तोलून मग तेल तोलतो, तसं. पण रिकाम्या म्हणून धरलेल्या जागेतच काही असेल, तर तेही वजा होतं, आणि प्रत्येक रेघेत खड्डा पडतो.

"म्हणजे रिकामी जागा रिकामी नाही," आबा म्हणाले.

"नाहीये. उद्या बदलते."

३

जागा बदलली. खड्डा गेला नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत सूनबाईने तिसरी जागा घेतली, मग चौथी, पार आकाशाच्या दुसऱ्या टोकाची. खड्डा तोच, तिथेच, फक्त दर आठवड्याला जरा खोल. मग तिने पहिल्या जागेकडे सरळ दुर्बीण वळवली, ठिपका म्हणून. काही नव्हतं. वर उठलेलं एकही टोक नाही. पण वजा करायला तेव्हा पाचवी जागा घेतली होती, आणि तिच्यामुळे त्याच रेघेत पुन्हा खड्डा.

रिसीव्हर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पक्कड म्हणायचे, कारण ती त्याच्या खिशातून कधी बाहेर नसायची. त्याने दोन दिवस सगळं उघडून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला.

"बाई, माझ्या यंत्रात काही नाही."

"मग कुठेय?"

"ते मला विचारू नका. मी एवढंच सांगतो. आपण एखाद्या जागेला रिकामी म्हटलं की ते तिथे असतं. म्हटलं नाही की नसतं." त्याने पक्कड खिशात खालवर केली. "हे मी अहवालात लिहिणार नाही. लिहू कसं?"

सूनबाईने त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग ती दार लावून बसली आणि स्वतःला समजावलं की विजेच्या तारा असतील, फोन असतील, वरून जाणारा उपग्रह असेल. प्रत्येक गोष्ट तिने कागदावर लिहिली आणि एक एक करून स्वतःच खोडली. घरी निघाली तेव्हा कागदावर खोडायचं काही उरलं नव्हतं.

४

आबा दारातच उभे होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. आठ महिन्यांत तिने त्यांना इतकं टवटवीत बघितलं नव्हतं.

"बस जरा. एक दाखवतो, पण मला म्हातारचळ लागलाय म्हणू नकोस."

दवाखान्याने मोडीत काढलेलं एक ईसीजीचं मशीन आबांनी घरी आणलं होतं. आईंचं हृदय अशक्त होतं, म्हणून नऊ वर्षं दर रविवारी ते त्यांची पट्टी काढायचे. त्या सगळ्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेल्या. आबांनी त्यातली एक काढली, सूनबाईच्या कागदांतला एक उलटा धरला, आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवले.

आधी एक छोटा उंचवटा, मग उभं टोक, टोकाच्या माथ्यावर खाच, आणि मागे एक पसरट टेकाड. उन्हात दोन रेघा दिसायला हव्या होत्या. एकच दिसत होती.

"ही खाच," आबा म्हणाले, "हजार माणसांत मी ओळखीन."

सूनबाईने कागद सरकवून पुन्हा जुळवले. रेघ एकच. तरी ती शास्त्रज्ञ होती, तिने तोंड उघडलं. मेसरच्या ढगात चार-पाच गाठी असतात, आबा, प्रत्येकीचा वेग वेगळा, म्हणून अशी टोकं येतात. एक रेघ ठोक्याची, दुसरी सुरांची. दोन्हींचा संबंध नाही. योगायोग आहे.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "असेल," ते म्हणाले. मग कागद घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवला. ते इतके खूश होते की तिला पुढे बोलवेना. जेवताना आपणहून जहाजावरच्या लेकाच्या लहानपणीच्या खोड्या सांगत बसले. तिला हसू येत होतं, पण नजर सारखी बाकाकडे जात होती.

५

रविवारची पट्टी आबांनी आई गेल्यावरही मोडली नव्हती. आधी स्वतःची, मग सूनबाईची. प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला मशीन एक पायरी काढतं, दहा खान्यांची. पायरी दहा भरली म्हणजे मशीन खरं बोलतंय. त्याशिवाय आबा पुढे जायचे नाहीत.

त्या रविवारी पायरी दहा भरली. आबांचं टोक नऊ खान्यांचं आलं.

"मागे चौदा होतं ना?" तिने विचारलं.

"वय झालं."

डॉक्टरही तेच म्हणाले. वजन बघा, विश्रांती घ्या, वय झालं. पण घरी येऊन सूनबाईने गेल्या चार रविवारच्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. तेरा, बारा, दहा, नऊ. खाली तिने त्याच आठवड्यांचे आपले कागद मांडले आणि खड्ड्याची खोली मोजली. एक, दोन, चार, पाच.

दोन वेगळ्या मापांची बेरीज करायची नसते हे शाळेतलं पोरही सांगेल. तिने केली. दर आठवड्याची बेरीज चौदा.

तिने बेरीज पुन्हा करून बघितली. चौदाच. रिकाम्या जागेत जे असतं ते वजा होतं, हे तिनेच आबांना शिकवलं होतं. मला नको वेगळा, तुमच्यातलाच घोटभर घेते. आईंना घोट कधी पुरला होता? त्यांच्यावर तिचा जीव होता. बाळंतपण फिसकटलं तेव्हा आई महिनाभर तिच्या उशाशी बसल्या होत्या, आणि एक शब्द टोचून बोलल्या नव्हत्या. त्या मुद्दाम कुणाचं वाईट करणार नाहीत, हे ती कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगू शकली असती. पण त्यांना कळत असेल का, की कपात आता फक्त नऊ खाने उरलेत?

आतल्या खोलीत आबा शीळ घालत होते. आणि दम लागून मध्येमध्ये थांबत होते.

६

दुर्बिणीची खरखर काढायची आणखी एक पद्धत असते. तिच्यात रिकामी जागा लागतच नाही. दुर्बीण ठिपक्यावरच ठेवायची आणि सूर किंचित बदलून पुन्हा ऐकायचं. निकाल जरा कमी स्वच्छ येतो, म्हणून त्यांचा गट ती वापरत नव्हता.

सोमवारी सूनबाई गटाच्या प्रमुखांकडे गेली. साहेब भला माणूस, पण आकड्यांपलीकडे ऐकायचा नाही.

"अर्धं काम झाल्यावर पद्धत बदलायची? कारण काय?"

"रिकामी जागा मिळत नाहीये."

"एवढ्या मोठ्या आकाशात?"

"एवढ्या मोठ्या आकाशात, सर."

साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सही केली.

खड्डा गेला. त्या दिवसापासून एका कागदावर दिसला नाही. आबा रोज गुंडाळी उलगडायचे, पेन्सिल हातात घेऊन शेवटपर्यंत जायचे, आणि पुन्हा पहिल्या कागदावर यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"कुठे गेली ग?"

सूनबाईला खोटं बोलायचं होतं. पण तिने खरंच सांगितलं, सगळं. बेरीज सांगितली, चौदा सांगितले, पद्धत बदलली तेही सांगितलं. "मला तुम्ही हवेत आबा," ती म्हणाली. "मला दुसरं कुणी नाहीये इथे."

आबा रागावले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शहाणी आहेस." आणि चहा न घेता आत गेले.

७

रविवारी पायरी दहा, आबांचं टोक नऊ. कमी झालं नव्हतं. सूनबाईच्या जिवात जीव आला. आपली पंधरा खान्यांची पट्टी बघून ती चहा टाकायला उठली, आणि दूध वर येईपर्यंत ओट्याशी उभी राहिली.

तेव्हा तिला मशीनचा आवाज आला. कागद सरकतो तेव्हाची बारीक घरघर. आज दोघांच्या पट्ट्या झाल्या होत्या.

ती बाहेर आली. आबा खुर्चीत पुढे वाकून बसले होते. मशीनचे चारही चिमटे त्यांनी बाकाला लावले होते, दोन हाताच्या दांडीला आणि दोन खालच्या फळीला. लाकडाला चिमटे लावले तर सपाट रेघ येते, नाहीतर नुसती भुणभुण.

सुई वरखाली होत होती. छोटा उंचवटा, टोक, खाच, टेकाड. सगळं उलटं, खाली तोंड करून.

"तुम्ही रिकामी जागा बघायची सोडलीत," आबा म्हणाले, "मग म्हटलं घरात आहेच की एक."

"आबा, बंद करा."

"दोन मिनिटं थांब." त्यांनी हात लांब केला, लाल चिमटा काढून पिवळ्याच्या जागी लावला आणि पिवळा लालच्या. सुई क्षणभर अडखळली. मग टोक वर आलं. सुलटं. "हं," आबा म्हणाले, "आता इकडे वळली."

त्यांचा चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा झाला होता. आणि ओठ पांढरे पडले होते, नखं निळी. टोक प्रत्येक ठोक्याला उंच होत होतं. सहा खाने. सात.

सूनबाईचा हात बटणापर्यंत गेला. ते दाबलं तर आबा काही बोलणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. ते पुन्हा कधीच काही बोलणार नाहीत, लाल पेन्सिल पुन्हा उचलणार नाहीत, हेही. तिला पक्कडचं बोलणं आठवलं. आपण रिकामी म्हटलं की ते तिथे असतं. मग जागा रिकामी ठेवायचीच नाही.

तिने टेबलाला वळसा घातला आणि ती जाऊन बाकावर बसली. उजव्या टोकाला, अंग चोरून. लाकूड कोमट होतं. तिने एक एक करून चिमटे काढले आणि आपल्या हातापायांना लावले. 

"सरका जरा, आई," ती म्हणाली.

तिच्या डाव्या बाजूला फळी कुई वाजली.

तिने तिकडे बघितलं नाही. आबांनी बघितलं. त्यांनी काय बघितलं ते तिने कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या ओठांवर हळूहळू रंग आला, एवढं तिने पाहिलं. सुई चालतच होती. आता पट्टीवरची रेघ सूनबाईची होती. टोकाला खाच नव्हती.

आत दूध उतू गेल्याचा वास आला. उठून बघायला कुणीच गेलं नाही.

८

पुढच्या रविवारी आबांची पट्टी आधी झाली. पायरी दहा, टोक नऊ.

मग सूनबाई बाकावर बसली, उजव्या टोकाला, आठवडाभर बसत होती तशी. टेबलावर चहाचे दोन कप होते. तिने आपला जरा जास्तच भरला होता. आबांनी चिमटे लावले, पायरी काढली, दहा खाने मोजून घेतले. कागद घरघरत बाहेर आला. त्यांनी तो उजेडात धरला, चष्मा वर केला, आणि पेन्सिलीच्या टोकाने खाने मोजले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"किती?" तिने विचारलं.

"चौदा."

पंधरा होते. दोघांनाही पाठ होतं. सूनबाई पट्टीवर नजर लावून होती.

आबांनी पट्टीवर तारीख घातली. घडी केली. बिस्किटांचा डबा उघडून ती आईंच्या पट्ट्यांत ठेवली, आणि झाकण लावताना तिच्याकडे न बघता म्हणाले, "तार सैल असेल."

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"असेल," सूनबाई म्हणाली. तिने कप उचलला. चहा काठापासून बोटभर खाली होता, आणि ती अजून प्यायली नव्हती.

आबा उठले, आपली खुर्ची टेबलाखाली सारली, आणि तिच्या हाताचे चिमटे स्वतः सोडवायला लागले, लाल आधी, मग पिवळा, अगदी हळू, लहान मुलाच्या हातातलं काही काढून घ्यावं तसे.

"पुढच्या रविवारी तू इथे नको बसूस," ते म्हणाले. "मी बसतो. एक रविवार तू, एक रविवार मी. तिला काय, घोटभरच लागतं."